हौद किती पुरायचा

नाही हो मिस्त्री, पूर्ण नको, अर्धा. म्हणजे अर्ध्याहून जरा जास्तच. तुम्ही टेप लावा ना, मी धरते हे टोक – जपून, त्या कडेला चिखल आहे. किती भरली भिंत? चार फूट? मला वाटलंच. मग असं करा, तीन फूट जमिनीत जाऊ द्या आणि एक फूट वर ठेवा. एक फूट म्हणजे शिडीची एकच पायरी लागेल, नाही का? हो, एकच. आत्ता पाच आहेत. का म्हणजे – बरं दिसेल हो! परसात एवढा मोठा डबा ठेवल्यासारखं दिसतं, शेजारच्या वहिनी परवाच म्हणाल्या, तुमच्याकडे पाण्याचा टँकर येऊन राहिलाय की काय. शिवाय पानं पडतात त्यात. आता पानं खाली गेल्यावरही पडतीलच, तुमचं बरोबर आहे, पण काढायला सोपं. तुम्ही फार प्रश्न विचारता हो. बसा त्या स्टुलावर, चहा ठेवलाय मी.

हे आमच्या ह्यांचं काम. लेकीसाठी आणला स्विमिंग पूल – आम्ही हौदच म्हणतो. स्कूटरवरून पडली ती, पडली कसली, मागून टेम्पोने उडवली. मांडीचं हाड दोन ठिकाणी. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात, त्या बोलून गेल्या की पाण्यात चालवलं तर लवकर फरक पडेल, पाण्यात अंगाचं वजन जाणवत नाही. ह्यांना तेवढं पुरलं. आठ दिवसांत पत्रे, नट-बोल्ट, आतलं ते निळं प्लॅस्टिक, सगळं दारात हजर. उभारला स्वतःच. सगळा जन्म टपाल कचेरीत गेला, हातात शिक्क्याशिवाय काही धरलेलं नाही – पाणी भरलं तर एका बाजूला काठोकाठ आणि दुसऱ्या बाजूला वीतभर खाली. म्हणतात कसे, पाणी तिरकं आहे! मी म्हटलं, अहो, पाणी कधी तिरकं असतं का, जमीन उताराची आहे. मग विटा सरकवल्या खाली. त्या तुम्ही बघितल्यात ना, तेव्हा हसलात. हसा, मीही हसले होते. तेव्हा हसायचो आम्ही.

काय म्हणालात? पाणी काढायचं, पत्रे सोडवायचे, खड्डा सपाट करायचा आणि परत जोडायचा. बरं. आणि माती भरताना आत पाणीही भरत जायचं, नाहीतर मातीने पत्रा आत दबेल. समजलं. आणि पत्र्याला बाहेरून डांबर, गंजू नये म्हणून. करा, सगळं करा, पण आजच खणायला घ्या. दुपारपर्यंत निदान अर्धा खड्डा दिसायला हवा. कारण दुपारी ती यायची आहे घरी. हे गेलेत आणायला. इस्पितळातून. नाही, ते जुनं झालं, टेम्पोचं – त्याला दोन वर्षं झाली. हे नवीन. मनगट मोडलं. गुरुवारी.

तुम्ही माझ्या पायांकडे बघताय. मघापासून बघताय, मला कळत नाही असं नाही. चप्पल आहे हो माझ्याकडे, दोन जोड आहेत, दाराआड ठेवलेत. नवस आहे. आता तुम्हाला सांगायला काय हरकत आहे, तुम्ही परके, चार दिवसांत काम करून जाल. तिला आत उतरवायचं म्हणजे हे एका बाजूने आणि त्या व्यायामाच्या बाई दुसऱ्या बाजूने धरून उचलायचे आणि भिंतीवरून आत सोडायचे. सव्वीस वर्षांची मुलगी, मिस्त्री. बापाच्या गळ्यात हात टाकायची आणि मान पलीकडे वळवायची. लहानपणी घरात तिला खारू म्हणायचो, कपाट म्हणू नका, खिडकी म्हणू नका, दाराची चौकट म्हणू नका, सगळीकडे चढलेली असायची. तिला असं पोत्यासारखं उचललेलं मी पाहिलं आणि घरात जाऊन देवापुढे बसले. बोलून गेले की माझी खारू आपल्या पायांनी शिडी चढून पाण्यात उतरेपर्यंत मी पायात काही घालणार नाही. बोलताना किती हलकं वाटलं सांगू! वाटलं, दोन महिने, फार तर तीन. मी काही पहिल्यांदा नवस बोलले नव्हते. उपास केलेत, महिना महिना मौन धरलंय, ह्यांच्या बढतीसाठी वर्षभर गोड सोडलं होतं. देवाने मला कधी रिकाम्या हाताने पाठवलेलं नाही. उशीर लावतो, पण देतो.

ह्या वेळी उशीर फार लावला. साखर आहे मला, रक्तातली. टाचेखाली भेग पडली, भेगेचं भोक झालं, ते बुजेना. नवस घरात सगळ्यांना ठाऊक होता, पण हे कोणाला सांगितलं नाही. कापसाची घडी ठेवून पट्टी बांधायची आणि वरून साडी जरा खाली सोडायची, झालं. पण तिला कळलं. ती खुर्चीत बसलेली असते ना दिवसभर, नजर जमिनीवरच. न्हाणीघरापुढच्या पायपुसण्यावर डाग दिसले तिला. काही बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं, लक्षात आलं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे मागच्या दाराची कडी वाजायला लागली. कुबड्या भिंतीला टेकवून ही एकटी शिडीवर. एक पायरी. चार दिवस एकच. मग दोन.

मला कसं कळलं? स्वयंपाकघराची खिडकी इकडेच उघडते. ती बघा. त्या खिडकीत मी उभी असायची, दिवा न लावता. रोज. आनंद व्हायचा हो मला! वाटायचं, ऐकलं, शेवटी ऐकलं त्याने. बाहेर येऊन हात धरावा असं एकदाही मनात आलं नाही, कारण हात धरला तर ते ‘आपल्या पायांनी’ झालं नसतं. कळतंय का तुम्हाला मी काय म्हणतेय? मी मोजत होते. गुरुवारी तीन झाल्या आणि तिचा गुडघा थरथरायला लागला. इथून त्या पायरीपर्यंत किती अंतर असेल, दहा पावलं? टेप आहे तुमच्याकडे, मोजा हवं तर. मी नाही आले. चौथीवर पाय ठेवला तिने. मी हात जोडले, डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच तो आवाज ऐकला.

धावले ना, मग धावले. चिखलात पडली होती, मनगट असं उलटं. रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, आई, चार झाल्या गं. चार चालतील का?

म्हणजे तिला ठाऊक होतं, मी खिडकीत असते ते. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

घ्या, चहा घ्या, निवतोय. साखर कमी झाली असेल, आमच्याकडे कमीच असते. काय? घालून टाकू चप्पल, सरळ? तुम्ही पुरुष माणसं असं पटकन म्हणता. मलाही इस्पितळात बाकावर बसल्या बसल्या तेच वाटलं होतं. पण मोडलेल्या नवसाचं ओझं बोलणाऱ्यावर पडलं तर पडू दे, माझा पाय गेला तरी चालेल. ते तिच्या पायावर पडलं तर? देव असा नाही, मला माहीत आहे. एवढी वर्षं ओळखते मी त्याला. तरी पण हिंमत होत नाही. म्हणून रात्रभर विचार केला आणि हे सुचलं. शिडी चढून, एवढंच बोलले होते ना मी? किती पायऱ्यांची, ते कुठे बोलले? हौद खाली गेला, एक पायरी उरली, एक तिला येते. शब्दही राहिला आणि पोरही राहिली. ही लबाडी आहे का हो? तुम्ही देवळाची कामंसुद्धा करता म्हणालात, तुम्हाला काय वाटतं?

की सगळाच खाली घेऊ? जमिनीच्या बरोबरीने? मग शिडीच नको, ती नुसती कडेला बसेल, पाय सोडेल आणि आत. पण मग चढली असं कसं म्हणायचं... नाही, एक फूट राहू द्या. नाही तर असं करा, दीड. दीड फुटाला दोन पायऱ्या लागतील, दोन जमतात तिला, म्हणजे अगदीच फसवल्यासारखं – बघा, पुन्हा मोजायला लागले मी.

गाडी वाजली का? आपल्याच फाटकाशी आहे. लवकर आले. ऐका, तिच्यासमोर नवसाचं काही काढू नका. विचारलंच तर सांगा, उतार आहे, हौद कलतोय, म्हणून पुरतोय. तो कप द्या इकडे. कुदळ घ्या हातात, कामाला लागल्यासारखे दिसा –

ये गं, ये. हळू, तिथे ओलं आहे. खारू, हात दुखतोय का? हे मिस्त्री. अगं, काही नाही, उतार आहे ना, हौद जरा कलतोय म्हणून...

नाही. खोटं बोलले मी, कलत नाही. मिस्त्री, ठेवा ती कुदळ. मला काही विचारू नका आता. किती पुरायचा, पुरायचा की उचलून टाकायचा, ते हिला विचारा, ही सांगेल तसं करा. मी आत जाते. मी इथे उभी राहिले तर ती माझं तोंड बघून सांगेल. अहो, ती इस्पितळाची पिशवी घ्या आणि तुम्हीही चला आत. चला म्हणते ना.