बिन्सीसाठी कमी तिखट धपाटी

मंडळी, आज एकच विचारतो. समोरच्याच्या जिवाला घोर नको म्हणून बोललेलं खोटं — ते पाप की पुण्य? बोला की! पुण्य म्हणताय? बरं. मग ऐका.

आपल्याच तालुक्यातल्या द्वारकाबाई. नवरा गेलेला, एकुलता एक मुकुंद पुण्याला कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपनीत. रोज संध्याकाळी त्याचा फोन — "आई, मजेत आहे गं. निलेश, इरफान, बिन्सी आणि मी, रोज एकत्र जेवतो." बिन्सीला तिखट सोसत नाही, हेसुद्धा आईला पाठ. एकदा कंपनीनं आईवडिलांना ऑफिस बघायला बोलावलं. बाई डबा बांधून निघाल्या.

काय ते ऑफिस, बाप रे! देवळात आपण घंटा वाजवतो, तिथं कार्ड टेकवलं की दारच वाजतं. बाहेर चैत्राचं ऊन, आत माणसं स्वेटर घालून! कॅरम मांडलेला, खेळणारं कुणी नाही. ओळीनं बसलेले सगळे, प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. एवढा मोठा हॉल आणि बोलल्याचा आवाज नाही. बाईंना वाटलं, कुणी गेलंय की काय इथं.

"तुझी जागा कुठली रे?"

"ठरलेली नसते आई. रोज मिळेल तिथं बसायचं."

कँटीनमध्ये बाईंनी डबा उघडला. धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांच्या ताटल्या वाढल्या, बिन्सीची कमी तिखट धपाटी वेगळी ठेवली.

"तू सुरू कर, आई."

"सगळे आल्याशिवाय कसं? बोलाव त्यांना."

"मीटिंगमध्ये आहेत."

"असू देत. थांबू आपण."

आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे — ज्याचं पान वाढलंय तो येऊन बसल्याशिवाय घास उचलायचा नाही. बाई दाराकडे बघत बसल्या. कुणी आत आलं की विचारायच्या, "हा निलेश का?" मुकुंद नुसती मान हलवायचा. कँटीन रिकामं होत गेलं, दह्याला पाणी सुटलं.

शेवटी तो म्हणाला, "आई, ते कुणी नाहीतच. बिन्सी नाही, इरफान नाही. मी एकटाच जेवतो. तू काळजी करशील म्हणून सांगत होतो."

बाईंनी बिन्सीच्या ताटलीतलं धपाटं मोडून त्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, "आळीतल्या बायका संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात, असं मी तुला सांगते ना? कुणी येत नाही रे. दिवा लावते आणि तुझ्या फोनची वाट बघते."

मग दोघं जेवली. बाकीच्या ताटल्या तशाच राहिल्या.

कळलं का मंडळी? दोघांनी एकमेकांना जपलं, आणि जपता जपता दोघंही एकटी पडली. म्हणे पुण्य!

बाईंचं गाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर तुम्ही सुटलात. आता आरती होईल, प्रसाद घेऊन घरी निघाल. वाटेत एक दार उघडं असेल, आत एक बाई फोन मांडीवर घेऊन बसली असेल. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे. प्रसाद तिच्याकडे बसून खा. विठोबाचा गजर उद्या करू, आज आधी तिला हाक मारा.