जानरावाचा योग अन् माहा वखर

...नाही नाही, मले बोलू द्या. जानरावाचं कौतुक तुमी पारावर बसून लय केलं, आता त्याच्या जोडीदाराचंही ऐका. तुमाले सांगतो, आमच्या सुलतानपुरात पंचायतीचा रेडिओ आला त्याच साली ते योगी महाराज आले, मारुतीच्या देवळात उतरले, अन् पहिल्याच सांजेले सांगितलं, "बाबांनो, योग देवळात नाही, निसर्गाकडे पाहा. झाड कधी घाई करतं का?" आता मले सांगा, झाडाले काय वखर हाकाचा हाये?

पन जानरावाच्या ते मनातच बसलं. अन् आमची हाये सावड. त्याचा एक बैल, माहा एक, दोघायची मिळून जोडी. आज त्याचं वावर, उद्या माहं, अन् मानसं दोघंही राबनार, असा बापजाद्यापासूनचा रिवाज. दुसऱ्या दिवशी वखर जुपला त हा गडी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, निंबाखाली, मांडी घालून, डोये मिटून बसलेला. म्हटलं, "काऊन बे, पोट दुखून राह्यलं काय?" डोये न उघडता म्हनते, "उत्तमा, मी नाहीच. निंब हाये, वारा हाये." अरे, तू नाहीस त वखर कोन धरन, वारा? धरला मीच. त्याच्या वावरात मी, माह्या वावरात मी, अन् गावात नाव कोनाचं? जानरावाचं. मंग जळू नाही त काय करू?

घरी आलो त आमची रुखमाबाई, ढेकळानं भरलेले माहे पाय पाहून, म्हनते काय, "जानरावभाऊजीच्या तोंडावर कसं तेज आलं, नाही?" येईनच ना, सावलीत बसून कोनाच्या तोंडावर येत नाही? मीही बसून पाह्यलं, खोटं कशाले बोलू. पहाटे आंगनात डोये मिटले, श्वासाकडं ध्यान लावलं... श्वास आला, जानराव दिसला. श्वास गेला, जानराव तिथंच. बरं, त्याचा बैलही त्याच्याच वळनाचा, तासाच्या, म्हंजे वखराच्या रेघेच्या, टोकाले उभा राहून रवंथ करते, अन् माहा बिचारा एकटाच वढते. जळू नाही त काय करू?

शेवटी गेलो महाराजाकडं, सारं सांगितलं. महाराज म्हनाले, "उत्तमराव, फळाची आशा न धरता तुम्ही दुसऱ्याच्या शेतात राबता. जानरावापेक्षा तुम्हीच मोठे योगी." अन् साऱ्या गावासमोर माह्या गळ्यात मोगऱ्याचा हार. तुमाले सांगतो, माहं ध्यान हारात नव्हतंच, जानरावाच्या तोंडावर होतं. म्हटलं, जळ लेका आता तू. त हा हसला, मनापासून हसला, माह्या पाया पडला अन् म्हनते, "गड्या, मले माईतच होतं. आता तुह्या योगात मी आडवा येनार नाही. वखराले हातच लावत नाही." अन् सांजेले आपला बैलही माह्याच गोठ्यात आनून बांधला.

तेही सोसलं असतं हो, पन तो जळला नाही, जरासाही नाही, म्हंजे खरंच योगी झाला का काय... हार गोठ्यातल्या खुंटीले टांगला, पानी प्यालो, मागं पाह्यलं त जानरावाचा बैल तो हार खाऊन राह्यला, शांतपनं, डोये मिटून. माहा बैल बाजूले उभा, त्याच्याकडं पाहून राह्यलेला. ती नजर म्या वळखली. त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हटलं, नीज बाबा, सकाळी आपल्या दोघायलेच जुपाचं हाये.