उजव्या कानाची मेंढी

— ते? ते काही नाही. माणसं मेंढ्यांची वाट बघत उभी आहेत, बाकी काही नाही. बघण्यासारखं त्यात काय आहे? तुम्ही पैसे भरलेत ते धबधब्याचे, हिमनदीचे नि काळ्या वाळूचे. मेंढ्यांचं कुठं लिहिलंय त्यात? नाही ना? मग झालं. पट्टा लावा, बाई. लावलाय? बरं. आणि मला ओद्दुर म्हणा, साहेब-बिहेब नको. आमच्याकडं डॉक्टरला नि मंत्र्यालासुद्धा नुसत्या नावानं हाक मारतात, मी तर ड्रायव्हर. म्हणजे ड्रायव्हर नाही — वाटाड्या. माझी पोरगी स्टेनवर म्हणते, बाबा, लोकांना ड्रायव्हर म्हणून सांगू नकोस, वाटाड्या सांग, वाटाड्याचा दर वेगळा असतो. गाडी तिची, धंदा तिचा, वेबसाइट तिची, म्हातारा तेवढा फुकटचा. — गर्दी? गर्दी असणारच की. सप्टेंबर आहे. उन्हाळाभर डोंगरात मोकाट सोडलेल्या मेंढ्या आज खाली उतरवतात नि ज्याच्या त्याला वाटून देतात. सगळं खोरं गोळा होतं. सगळं म्हणजे सगळं, तान्ही पोरंसुद्धा. मी सोडून. मला कुठं सवड आहे? तुम्ही आहात ना.

उतरा, आला धबधबा. छत्री? छत्री ठेवा गाडीतच. या देशात छत्री उघडणारा माणूस एक तर परदेशी असतो, नाहीतर उडून गेलेला असतो. रेनकोट चढवा नि माझ्या मागून या. या धबधब्याच्या पाठीमागून चालत जाता येतं. पाय जपून, दगडावर शेवाळ आहे. बघा! कसं आहे? मी साठ वर्षं बघतोय, मला विचाराल तर पाणी वरून खाली पडतंय — पण तुमच्यासारखी माणसं इथं उभी राहून रडतात, एक जर्मन बाई तर माझ्याच गळ्यात पडून रडली, मी काय करणार, थोपटलं. काढा, फोटो काढा. काढले? आणखी काढा. त्या बाजूनंही काढा. घाई कसली? बाकीचे वाटाडे इथं अर्धा तास देतात, मी दीड तास देतो. जास्तीचे पैसे नाही घेत. — भिजलात? भिजायलाच आलात ना!

हे घ्या, धुरावलेलं मांस घातलेली भाकरी, माझ्या हातची. खा, गाडीत सांडलं तरी चालेल, गाडी स्टेनवरची आहे. — हां, तर ही हिमनदी. काळी का? राख. डोंगर मधेच पेटतो, राख उडवतो, बर्फ ती गिळून बसतो. पांढरी हवी असेल तर पोस्टकार्डावर बघा. मी पोरगा होतो तेव्हा बर्फ इथं होता, इथं, तुमच्या बुटापाशी. आता मधे हे तळं पडलंय नि बर्फ तिकडं माघारी पळालाय. वितळतोय म्हणून लोक बघायला येतात, नि येतात विमानानं. मी काही बोलत नाही, माझं पोट त्यावर आहे. आम्ही दोघं घरून निघून इथं बर्फावर घसरायला यायचो, मी नि ईसलेवुर, बापाच्या जुन्या कातड्यावर बसून. वर बघा, धुकं कसं उतरलंय डोंगरावर, छान दिसतं, काढा फोटो. — कोण? ईसलेवुर म्हणालो मी? म्हणालो असेन. भाऊ आहे. थोरला. राहतो की, माझ्या कुंपणापलीकडंच राहतो, त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीतून दिसते. कसा आहे ते मला काय ठाऊक, सत्तावीस वर्षं झाली बोलून.

आता तोंडातून निघालंच आहे तर ऐका, नाहीतर दिवसभर माझ्याकडं असंच बघत बसाल. आमच्याकडं मेंढीचं नावगाव तिच्या कानावर असतं. कोकरू असतानाच कान कातरायचा. कुणी शेंडा उडवतो, कुणी दोन चिरा पाडतो, प्रत्येक घराची खूण वेगळी, सरकारी पुस्तकात छापलेली. बापाची खूण होती शेंडा सपाट नि मागं एक खाच. बाप गेला, जमीन दोघांत निम्मी झाली, नि खूणही निम्मी केली — उजवा कान ईसलेवुरला, डावा कान मला. तीच कातर, कान तेवढा वेगळा. हुशारी वाटली आम्हाला. आणि मग सत्तावीस वर्षांपूर्वी, आजच्याच दिवशी, वाटणीच्या वेळी त्यानं माझ्या मेंढीवर हात टाकला. सगळ्यांसमोर! मी म्हणालो, चोर. सरळ तोंडावर. आमच्याकडं माणसाला दारुडा म्हणा, हसेल, मूर्ख म्हणा, तुम्हालाही म्हणेल, पण मेंढीचोर म्हणालात की मधला दरवाजा कायमचा बंद. — माझं चुकलं असं का वाटतं तुम्हाला? तुम्ही होतात तिथं? मग? चला, तळ्याभोवती एक फेरी मारू. लांबच्या बाजूनं. वेळ आहे. आज मला घाई नाही म्हणून सांगितलं ना.

पाठ करू नका! बाई, समुद्राकडं पाठ करू नका, इकडं या, इकडं! — हां. बघितलंत लाट कुठपर्यंत आली ती? ही काळी वाळू दिसायला मखमल आहे, पण इथली लाट पाय नाही भिजवत, पाय धरून नेते. वर पाटी आहे एवढी मोठी, वाचत कुणी नाही. बसा इथं, या खांबांपाशी. दगडच आहेत, तसेच उगवलेत, कुणी घडवलेले नाहीत. कॉफी घ्या. अजून ओता, थर्मास भरलेला आहे. तीन वाजले ना? तीनला दहा कमी? तुमचं घड्याळ बरोबर आहे ना? — काही नाही, सहज विचारलं. साडेतीनपर्यंत इथंच बसू. मग चारच्या सुमाराला त्या वाटणीच्या जागेवरून पुढं जाऊ, तोवर सगळं आटपलेलं असेल, लोक घरी जाऊन सूप पीत असतील.

हो, टाळतोय! टाळतोयच. उगाच कशाला तोंड वाकडं करता? आजची फेरी मीच मागून घेतली स्टेनवरकडून. दर वर्षी घेतो, याच दिवसाची. ती म्हणाली, बाबा, या वर्षी नको, या वर्षी ईसलेवुर काकाची शेवटची वाटणी आहे. मेंढ्या विकल्यात त्यानं, सगळ्या, गुडघे गेलेत. पुढच्या सप्टेंबरात तो तिथं नसणार. — मग काय? मग काही नाही. असं बघू नका.

ती मेंढी त्याची होती.

ऐकलंत ना? परत नाही म्हणणार. मेंढीला मागून धरायचं असतं, टांग टाकून, पायांत दाबून, शिंगं हातात घेऊन, म्हणजे तिचा डावा तो आपला डावा. सहा वर्षांच्या पोराला येतं हे. त्या दिवशी पाऊस, गुडघाभर चिखल, हजारभर मेंढ्या, नि ती समोरून माझ्या छातीवर येऊन आदळली. मी समोरूनच शिंगं धरली, कान चाचपले, खूण लागली माझ्या डाव्या हाताला. डावा कान! माझी! ओढत नेली वाटणीच्या अंगणातल्या माझ्या कप्प्यात. ईसलेवुर आला. हळू आला बरं का, अगदी कानाशी येऊन म्हणाला, ओद्दुर, ही माझी आहे, परत बघ. माझ्या भल्यासाठीच हळू म्हणाला तो, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, आला मोठा शहाणपणा शिकवायला. तेव्हा तो डोंगरचा राजा होता. हसू नका, आम्ही खरंच म्हणतो तसं, मेंढ्या खाली आणणाऱ्यांचा जो मुखिया असतो त्याला. सगळं खोरं त्याच्या शब्दावर चालायचं नि मी त्याचा धाकटा. ओरडलो. चोर म्हणून. एकदा नाही, तीनदा.

संध्याकाळी गोठ्यात दिवा लावला, तिला मागून धरली. उजवा कान.

काय करायला हवं होतं ते मलाही कळतं, शाळेत चारच यत्ता गेलो म्हणून काय झालं? मधे फक्त कुंपण होतं, उचलून पलीकडं टाकली असती तरी भागलं असतं. नाही टाकली. आठवड्याच्या आत कापली. तंगडी धुरावली, नाताळला वाढली. बायको म्हणाली, यंदाचं मांस काय छान धुरावलंय. मी दोनदा घेतलं. दोनदा! नसतं घेतलं तर तिला संशय आला असता ना. नि पुढच्या वर्षी ईसलेवुरनं राजेपण सोडलं. कुणी काढलं नाही त्याला, कुणी काही बोललंही नाही. पण चोर म्हटलेल्या माणसाच्या मागं डोंगरात कोण जाणार, असं तोच म्हणाला म्हणे. — हे बायकोला शेवटपर्यंत सांगितलं नाही, स्टेनवरला नाही. तुम्हाला का सांगितलं? तुम्ही रविवारी विमानात बसणार म्हणून. चला, उठा. कॉफी संपली.

हे काय आता? का थांबले सगळे पुढं? — मेंढ्या. अरे देवा, रस्ता भरून मेंढ्या. चार वाजून गेले नि अजून खालीच येतायत? धुकं! वर धुकं होतं, माणसांना उतरायला उशीर झाला. मी हिमनदीपाशी डोळ्यांनी बघितलं धुकं, नि तुम्हाला म्हणालो छान दिसतं, फोटो काढा. गाढव. मागं घेतो. मागं बस आहे. त्याच्याही मागं बस आहे. ठीक आहे, बसून राहायचं. खिडकी नका उघडू. — ते गोल अंगण दिसतंय ना, भोवती संत्र्याच्या फोडींसारखे कप्पे? तिथंच वाटणी. प्रत्येक घराचा एक कप्पा. माझा तो तिकडचा, स्टेनवरचा नवरा उभा आहे त्यात, त्याला मेंढी धरता येत नाही, राजधानीचा, रेइक्याविकचा आहे तो, कशी धरलीय बघा, पाहुण्याशी नाचल्यासारखी. नि तो — तो दारातला, तपकिरी स्वेटरवाला, काठी टेकलेला. हो. तोच. म्हातारा झालाय. घरच्या खिडकीतून एवढा दिसत नाही.

नाही. मी उतरणार नाही. काय बोलू? माफ कर? बाई, तुम्हा लोकांच्या तोंडातून ते किती पटकन निघतं, सकाळपासून तुम्ही मला दहादा म्हणालात, दार आपटलं तरी माफ करा. आमच्याकडं कुणाच्या पायावर पाय पडला तरच म्हणतात, तेही जोरात पडला तर. आणि एकट्याला गाठून म्हणून काय उपयोग? चोर सगळ्यांसमोर म्हणालो होतो. मग हेही सगळ्यांसमोरच बोलायला हवं, नि सगळे जमतात ते आजच. पुढच्या वर्षी तो कुठं — काच खाली का केलीत? वर करा! वर करा म्हणतो! तो बघतोय इकडं. बाई, तो बघतोय. गाडी ओळखली त्यानं. थांबा. तुम्ही बोलू नका. तुम्ही काहीसुद्धा बोलू नका.

— ईसलेवुर! ए ईसलेवुर!

झालं. बोललो. आमच्या भाषेत ओरडलो म्हणून तुम्हाला कळलं नसेल, सांगतो. ती मेंढी तुझी होती म्हणालो. उजवा कान होता म्हणालो, मी समोरून धरली होती मूर्खासारखी, नि मग खाल्ली. एवढंच. आवाज फार मोठा निघाला का? बघा, वाटणीची गाणी चालली होती तीही थांबली. मेंढ्या सोडून सगळे इकडं बघतायत. स्टेनवर कुंपणावर चढून बघतेय. — तो बोलला काहीतरी. ऐकू द्या. काय म्हणतोय? म्हणतोय, माहीत आहे. म्हणतोय — अरे, हा माणूस! — म्हणतोय, चवीला कशी होती?

— जरा चिवट होती!

हसतायत सगळे. हसू देत. तो नाही हसत. तो खिशात हात घालतोय. बाटली. बाटली काढलीय त्यानं, झाकण उघडून पुढं धरलीय. माझ्याकडंच. हात नाही खाली घेत तो. बाई, तुमच्याकडं परवाना आहे ना गाडीचा? आहे? मग उतरा, इकडं या, या बाजूला बसा. त्या बाटलीतला एक घोट घेतला की मला चाकाला हात लावता येत नाही, इथले पोलीस फार वाईट, नि मी एकावर थांबणार नाही. सरळ रस्ता, दोन तास, कुठंही वळायचं नाही. गाडी हॉटेलबाहेर लावा, स्टेनवर उद्या नेईल. अहो, वाटेत अजून एक धबधबा लागेल, तो तुमचा तुम्ही बघा, वरून खाली पडतोय, मी सांगायला कशाला हवा? दार लावा. जा आता. जा म्हणतो ना!