तात्यांच्या नव्या ट्रॅक्टरवरची गौळण

तुम्ही आता गाडीत काहीही लावता, पण आमच्या सणसरला तेव्हा नव्या ट्रॅक्टरच्या टेपवर पहिली कॅसेट देवाचीच लागायची. आमचे चुलते तात्या बारामतीला गेले आणि त्यांच्या लाडक्या भजनवालीची नवी कॅसेट घेऊन आले. नुसतं नाव वाचून! ट्रॅक्टरला हार घातला, सगळी आळी हात जोडून उभी राहिली, तात्यांनी टेप लावला आणि धाडधाड ड्रमच वाजायला लागले.

मी कॅसेटचं कव्हर बघितलं. कालपर्यंत कपाळभर कुंकू लावणारी बाई केस कापून, जीन्स घालून, गॉगल लावून उभी!

"तात्या, ह्या बाईनं भजन सोडलंय. बंद करा."

"पूजा चालू आसताना टेप बंद करत्यात व्हय? गप ऱ्हा."

तेवढ्यात बाई गायला लागली, सख्या, किती वाट बघू तुझी.

तात्यांनी डोळे मिटले. "गौळण हाय. राधा किस्नाला बोलावतीया."

म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. पुढच्याच कडव्यात बाई म्हणाली, मोटारसायकलवर बसवून ने मला.

आमची आत्ती मोठ्यानं म्हणाली, "आरं तात्या, किस्नाकडं फटफटी कुठनं आली?"

तात्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "मग मथुरंवरनं काय चालत येनार व्हय?"