विश्रामगृहाच्या हिरवळीचे गांडुळांनी केलेले नुकसान

मी, केसरबाई भ्र. बन्सी पोकळे, वय ५२ वर्षे, धंदा रोजंदारी माळीकाम, रा. खडकवस्ती, जि. बीड. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी सहकारी साखर कारखान्याच्या विश्रामगृहात बारा वर्षांपासून काम करते. घरात दुसरे कमावते कोणी नाही. पाऊस नाही, ऊस नाही, म्हणून कारखाना दोन हंगाम बंद आहे. हिरवळीला मात्र रोज दुपारी एक टँकर पाणी लागते.

बाकी शिवाराचा फुफाटा झाल्याने होती नव्हती तेवढी गांडुळे हिरवळीत आली. ती रोज विष्ठेच्या ओल्या ढिगुळ्या वर टाकतात. त्यावरून चेअरमन माणिकराव साहेब पांढऱ्या धोतरासकट घसरले. म्हणाले, "केसरबाई, आठ दिवसांत गांडूळ हटवा, न्हाईतर तुमी हटा." मी म्हणाले, "साहेब, पाणी तोडा, आपोआप खाली जातेल." ते म्हणाले, "गवत वाळलं तर लोक म्हणतेल कारखाना बुडाला."

ढिगुळ्या वाळल्यावर खराट्याने उडवायच्या असतात. पण ओल हटेना. रिठ्याचे पाणी शिंपडले, तर गांडुळे लईच वर आली. घमेलेभर गोळा केली. कुंपणाबाहेर टाकायला हात धजेना, म्हणून परत गवतातच सोडली.

दि. १४ मे रोजी दुपारी वस्तीतील बाया हंडे, कुदळी घेऊन आल्या. वस्तीला अकरा दिवस टँकर नव्हता. माझी सूनही त्यांच्यात होती. गांडूळ तिथे जिवंत झरा, असे एका पाणाड्याने त्यांना सांगितले होते. पाणाड्याचे नाव आठवत नाही. तो माझा चुलत दीर आहे. मी म्हणाले, "बायांनो, झरा न्हाई, ह्ये टँकरचं पाणी हाय." सून म्हणाली, "कायबी सांगता आत्याबाई! मानसाला प्यायला न्हाई अन् गवताला टँकर घालतेत व्हय?" मी भाकर खायला गेले.

येऊन पाहते तो सहा फूट खड्डा. झरा नाही. तेवढ्यात नेहमीचा टँकर आला. त्यावर 'पिण्याचे पाणी, खडकवस्ती' असा फलक होता. तो मी रोज वाचत होते आणि पाइप गवतावर धरत होते. सुनेने माझ्याकडे पाहिले. त्या खड्ड्यात उतरावे असे वाटले.

खड्डा कोणी खोदला, असे हवालदार साहेब विचारतात. नावे दिली तर काम राहील, असा चेअरमन साहेबांचा निरोप आहे. तरी सांगते की, खड्डा गांडुळांनी खोदला. टँकरमधले पाणीही गांडुळांनीच नेले. हंडे त्यांचे स्वतःचे होते. 'अज्ञात इसम' लिहू का, असे साहेबांनी विचारले. मी नको म्हणाले. इसम असते तर मी ओळखले असते.

जबाब मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. उद्यापासून कामावर येऊ नये, हेही वाचून दाखवले. तेही समजले. सही करते.