अंडी घालणारी कोंबडी आणि आमच्या सोसायटीचा हॉल

...आणि वर मलाच म्हणतात, "योगिनी, तूच आणलंस ना ते मशीन? मग आता रडायचं नाही!" अहो, रडतंय कोण? मी भांडतेय! फरक कळतो की नाही?

तुम्हाला सांगते, रहाटणीतली आमची सोसायटी. खाली हॉल, हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल आणि त्या टेबलावर काय? ज्येष्ठ मंडळींचा चहाचा थर्मास! मी चाकणहून कंपनीच्या बसने हाडं खिळखिळी करून संध्याकाळी येते, पुढच्या महिन्यात कंपनीच्या टीमची निवड आहे, सराव करू कुठे? गच्चीवर? वाऱ्याशी खेळू?

मागितला हॉल. तर ज्येष्ठांचे म्होरके उद्धवराव म्हणाले, "हाउजी खेळू. जो जिंकेल त्याचा हॉल." लोकशाही म्हणे! पिशवीतून आकडे काढणार हेच आणि दर वेळी जिंकणार कोण? यांच्याच सौ., सुमनताई! मी म्हटलं, पिशवी नको. बाबांच्या लहानपणीचा टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम माळ्यावर होता, त्यात हाउजीची कॅसेट. ती आणली. उद्धवराव खूश. आयुष्य कंपनीच्या इन्स्पेक्शनमध्ये गेलेलं. म्हणाले, "उत्तम. मशीन चुकत नसतं, बाळा."

काय तो गेम! पडद्यावर एक कोंबडी. ती नाचते, गिरकी घेते, मग अंडं घालते आणि अंड्यावर आकडा! पुढच्या अंड्याआधी परत नाच. मी म्हटलं, हिला पळवायचं बटण नाही का? तर ज्येष्ठांतल्याच शालनबाई माझ्यावरच... "आगं पोरी, दमू दे की तिला! तुला काय ठावं अंडं घालनं?"

बरं, थेट खेळायचं नाही. "आधी ट्रायल!" कंपनीत लॉट सुरू करायच्या आधी ट्रायल पीस काढतात म्हणून हाउजीचीही ट्रायल! ट्रायल जिंकल्या सुमनताई. मग मशीन बंद केलं, "गार होऊ द्या." तिकिटांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडल्या, कागद वाया नको म्हणून तीच तिकिटं ज्याची त्याला परत दिली. मशीन चालू. पहिलं अंडं बेचाळीस. दुसरं सात. तिसरं त्रेसष्ट. मला वाटलं, हे कुठेतरी ऐकलंय... अंड्यामागून अंडी पडत गेली आणि सुमनताई ओरडल्या, "हाउजी!"

मी किंचाळले, "अहो, हे तेच आकडे आहेत! त्याच क्रमाने! बंद करून चालू केलं की ही बया पहिल्यापासून तीच अंडी घालते! बाद करा हे मशीन!"

उद्धवरावांच्या डोळ्यांत पाणी हो! "तेच आकडे? बाद? अगं, जे ट्रायलला तेच लॉटला! नोकरीभर मी प्रत्येक मशीनकडे हेच मागत होतो. पास! मशीन चुकत नसतं!"

आता यांना काय समजवायचं? नशिबाच्या खेळात दर वेळी तेच येणं म्हणजेच बिघाड! पण नाही. सगळे माना डोलावतायत. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, परत खेळू, पण नवी तिकिटं, प्रत्येकाने आपापले पंधरा आकडे लिहायचे आणि मशीन बंद करून परत चालू करायचं. चटकन हो म्हणाले. तेव्हाच कळायला हवं होतं मला!

मी काय लिहिलं? कोंबडीची पहिली पंधरा अंडी. ओळीने! चीटिंग म्हणता? अजिबात नाही. मशीन चुकत नसतं ना? मग मी का चुकू?

पंधरावं अंडं पडलं, मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, "हाउजी!" आणि... अख्खा हॉल ओरडला, "हाउजी!" एकूण एक म्हातारं! चष्मा कुठे ठेवला ते रोज विसरतात, पण दोनदा ऐकलेली अंडी पाठ! शालनबाईंना विचारलं, तुम्हीसुद्धा? "व्हय. तू काय एकटीच शिकलेली हायस का?"

उद्धवरावांनी निकाल दिला. सगळे जिंकले, सगळ्यांना हॉल. एकेकाला एकेक वर्ष. आणि क्रम? सिनिऑरिटी! वयाने मोठा तो आधी.

मी गप्प बसणार आहे होय? टेबलावरचा थर्मास उचलून त्यांच्या हातात दिला, मैत्रिणींना हाक मारली आणि टेबल ओढत पार्किंगमध्ये नेलं. दोन बुलेटच्या मधे सराव चालू आहे. निवड तर मी मारणारच, बघाच तुम्ही!

पण हॉल? हॉलच्या यादीत मी शेवटची. माझी पाळी येईल ना, तेव्हा मला टेबल नको असेल हो... टेकायला खुर्ची लागेल.