मीटर नसलेला करंट

...आणि वर घरची माझ्यावरच वरडत्यात! तुम्हास्नी सांगतो, सत्तर वर्सं जे काळीज पोसलं, ते म्हणं आत करंट तयार करतंय, आणि ह्या भावकूला, म्हंजी मलाच, पत्ता न्हाय! मीटर न्हाय, वायर न्हाय, आणि करंट म्हणं! आमच्या वडगावात मीटर हाय, वायर हाय, करंटच न्हाय... भर दुपारी कापड इणायचा माग मुका!

झालं काय, मागाजवळ मी धाडकन पडलो. खरा पडलो हो! आणि आमची बायको तानुबाई? कांडीवर सूत भरतच बसली. "उठा, नाटक पुरं! गेल्या महिन्यात दोनदा मेलासा." व्हय, मेलतो! जावई आलता तवा एकदा, मीटर बघणारा आलता तवा एकदा. गंमत केलती! म्हणून तिसऱ्यांदा बघूच नये माणसानं? मांजरानं येऊन माझं नाक चाटलं, तरी मी हसलो न्हाय, तवा कुठं तानुबाईचा हात थांबला!

दवाखान्यात आमची नात पूर्णिमा, डॉक्टर हाय ती, ईसीजीच्या कागदावरचे डोंगर दाखवाय लागली. "आज्जा, हृदयाच्या प्रत्येक पेशीला दारं असतात. सोडियम आत घुसतं, आपल्या मिठातलंच. मागून कॅल्शियम येतं, पेशी आवळते. पोटॅशियम बाहेर पडलं की सैल होते. तोवर तिनं शेजारणीला ढोसलेलं असतं, शेजारणीनं पुढचीला..." काळीज हाय का नळावरची बायकांची रांग? आणि मला मीठ खाऊ नको म्हणणारी हीच बया! मीटर न्हाय, वायर न्हाय, मिठावर करंट म्हणं!

"आणि एकदा आवळली की थोडा वेळ कितीही ढोसा, दादच देत नाही."

"ही तर तुझी आज्जीच गं!"

पोरगी हसली न्हाय. "पहिली ठिणगी टाकणाऱ्या पेशीच पेंगतायत, आज्जा. ठोका मधेच थांबतो. पुढच्या खेपेलाही आज्जी कांडीच भरत बसली तर?"

लई राग आला... कुणाचा, ते इचारू नका.

बसवलं मग मशीन, पेसमेकर म्हणं, खांद्याखाली, काडेपेटीएवढं. काळीज थांबलं तरच ढोसतंय, नाटकाला भुलत न्हाय!

परवा राहवंना. पडलो मागाजवळ, श्वास धरून. तानुबाई कांडी फेकून पळत आली! छातीला कान लावून बसली... लई वेळ. मग डोळं पुसून म्हणाली, "चालू हाय. उठा, चा निवाला."

घ्या! मीटर न्हाय म्हणून बोंबलत हुतो न्हवं? आता रोज सकाळी कान लावून रीडिंग घेतीया... मरायचं म्हटलं तर आता खरंच मराय लागणार!